पामेरियनची बाजू

महाराष्ट्रात पांढऱ्या, झिपऱ्या आणि कायम कुणावर तरी वैतागलेल्या कुत्र्याला पामेरियन म्हणतात. जिन्यात पाऊल वाजलं की हा भुंकतो, दारावरची बेल वाजली की भुंकतो आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही तर संशय येऊन भुंकतो. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला हे त्याचे पिढीजात वैरी. आजोबांच्या आरामखुर्चीखाली बसून तो सगळ्या मजल्याचा कारभार पाहतो. नाव त्याचं स्नोई असेल, स्वीटी असेल, मोती असेल, पण "कुठला हो हा?" असं विचारलं की मालकाचं उत्तर ठरलेलं. पामेरियन. त्या उत्तरात थोडा तोराही असतो. आमचा कुत्रा गावठी नव्हे, हे त्यात परस्पर सांगून झालेलं असतं.

इंग्रजी कोशात मात्र पामेरियन नाही. तिथं आहे पॉमेरेनियन. म्हणजे सहा अक्षरांतलं एक आपण वाटेत कुठंतरी सांडलं आणि उरलेल्यांतल्या एकदोघांचे कानेमात्रे बदलून घेतले.

यात आपला फार दोष आहे असं मला वाटत नाही. 'पॉ'मधला ऑ आपल्या जुन्या पिढीच्या तोंडात कधी नीट बसलाच नाही. ज्या जिभेनं डॉक्टरचा डाक्टर, कॉलेजचं कालेज आणि ऑफिसचं हापिस केलं, ती एका कुत्र्यासाठी वेगळे कष्ट कशाला घेईल? राहता राहिलं ते मधलं 'रेनि'. त्याचं काय झालं असावं याबद्दल माझा एक तर्क आहे. मराठी मध्यमवर्गाला बाकीचं इंग्रजी येवो न येवो, 'व्हेजिटेरियन' हा शब्द पक्का येतो. विमानात, परदेशी सहलीत, कंपनीच्या पार्टीत, जिथं जाईल तिथं तो आधी हा शब्द पुढं करतो आणि मग स्वतः पुढं होतो. इतक्या वापरानं जिभेला त्या वळणाची सवय लागलेली. पॉमेरेनियनच्या मध्यावर आली की ती आपसूक ओळखीच्या रस्त्याला लागते आणि 'रियन' म्हणून मोकळी होते. या तर्कात किती तथ्य आहे ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावं. पण आमच्याकडचे बहुतेक पामेरियन दूधपोळीवर आणि दहीभातावर वाढलेले असतात, एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

शब्दाची खरी परवड पाहायची तर प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन बसावं. बाकावर एका टोकाला जाळीच्या पेटीतलं मांजर, दुसऱ्या टोकाला खिन्न चेहऱ्याचा लॅब्रेडॉर आणि मधे मांडीवर जुना टॉवेल अंथरून बसलेले पामेरियनवाले. टेबलाशी कंपाउंडर रेबीजच्या लशीचं नवं कार्ड भरत असतो. मालकाचं नाव, प्राण्याचं नाव, रंग, वय हे सगळं तो मान वर न करता लिहून काढतो. 'जात' या रकान्याशी आला की पेन जरा अडखळतं. मग त्या त्या वेळी सुचेल तसं: कधी 'पामेरियन', कधी 'पॉमेरियन', कधी 'पोमेलियन', आणि बाहेर रांग वाढली की नुसतं 'पाम'. एका कार्डावर तर मी 'पामोलियन' वाचलं आणि रेशनच्या दुकानातल्या तेलाच्या पिशव्या डोळ्यांपुढं आल्या. मालकानं ते कार्ड घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्याची काही तक्रार नव्हती. डॉक्टर स्वतः 'पॉम' म्हणतात. शिकलेला माणूस अवघड शब्दात फार आत शिरत नाही, दारातूनच परत फिरतो.

पण प्रत्येक घरात एक उच्चार सुधारणारा असतो. पूर्वी हे काम इंग्रजीचे निवृत्त शिक्षक करत, आता इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडं करतात. त्यांचा आवाज तोच असतो, फक्त वय उलटं झालेलं. परवा आमच्या सोसायटीच्या बागेत असाच एक सामना बघायला मिळाला. अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा, त्याची मावशी आणि मावशीच्या पायाशी टफी.

"मावशी, पामेरियन नाही गं. पॉमेरेनियन."

"अरे, मग मी काय वेगळं म्हणतेय? पामेरियनच."

"पॉ, मे, रे, नियन. म्हणून बघ ना एकदा."

मावशीनं मनावर घेतलं. पॉ झालं, मे झालं, 'रे'वर तिनं जरा दम खाल्ला आणि पुढं सरळ, "टफ्या, चल घरी, दुधाची वेळ झाली," असं म्हणून उठली. टफ्या तिच्या आधी फाटकापाशी पोचला होता. भाचा विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो, पण माझं कारण निराळं होतं. टफी पॉमेरेनियन नव्हताच.

आपल्याकडं घरोघरी जो पांढरा कुत्रा पामेरियन म्हणून नांदतोय, त्याची कागदोपत्री जात इंडियन स्पिट्झ. इंग्रजी अमदानीत जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून इथल्या उकाड्यात टिकेल असा हा वाण तयार झाला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. खऱ्या पॉमेरेनियनचं वजन अमेरिकन केनेल क्लबच्या मापानं साधारण दीड ते सव्वातीन किलो, म्हणजे दिवाळीच्या फराळाच्या डब्याएवढं. आपला पामेरियन पाच-सात किलोंपासून सुरू होतो आणि त्यातला थोरला वाण वीस किलोंपर्यंत जातो. पॉमेरेनियनचं तोंड आखूड, केस चारी बाजूंनी फुगलेले, रंग बहुतेकदा नारिंगी. पामेरियन अंगानं उभट, तोंडानं निमुळता आणि रंगानं पांढरा. निदान आंघोळीच्या दिवशी तरी. दोघांचे पूर्वज एकच, पण आता ते फार तर लग्नाकार्यात भेटणारे चुलतभाऊ म्हणता येतील.

१९८० आणि ९०च्या दशकांत परदेशातून कुत्रं आणणं सोपं नव्हतं, तेव्हा हा इथलाच, इथं वाढलेला, कमी खाणारा आणि दोन खोल्यांत मावणारा गडी मध्यमवर्गाला सापडला. त्यात १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. त्यातला टफी हा असाच पांढरा स्पिट्झ. शेवटी तो एक महत्त्वाची चिठ्ठी नेमक्या माणसाच्या हाती नेऊन देतो आणि दोन घरं सावरतो. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे अशी निम्मी मराठी मंडळी त्या सिनेमात होती, पण ज्याच्या नावाची पिल्लं गल्लोगल्ली दिसायला लागली तो कुत्राच. आजही सोसायटीच्या मैदानात "टफी" अशी हाक मारली तर एकटा कुत्रा येईल याची खात्री नाही.

म्हणजे भाच्यानं उच्चार सुधारला आणि कुत्रा चुकवला. मावशीचा उच्चार चुकीचा होता, पण त्या चुकीच्या उच्चाराचं कुत्रं मात्र बरोबर होतं. महाराष्ट्रात 'पामेरियन' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो पांढरा, उभट, भुंकरा प्राणी उभा राहतो, तोच तिच्या पायाशी बसला होता. 'पॉमेरेनियन' म्हटलं असतं तर समोर उभा राहिला असता कुणा नटीच्या हँडबॅगेतला सव्वातीन किलोंचा नारिंगी गोळा.

एवढ्यावर मिटलं असतं तर ठीक होतं. पण इतिहास बघायला गेलं की शुद्धतेची आणखी पंचाईत होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्याला पॉमेरेनियन म्हणत, तो असा खिशातला नव्हता. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलित्सची. तिच्यामुळं हे कुत्रे इंग्लंडच्या दरबारात आले. त्याच काळात गेन्सबरोनं रंगवलेली पॉमेरेनियन कुत्री आणि तिचं पिल्लू लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. ती कुत्री चांगली थोराड आणि पांढरी आहे. आमच्याकडच्या कुठल्याही आजोबांनी ते चित्र पाहिलं तर चष्मा पुसून म्हणतील, "हा तर आपला पामेरियन."

कुत्रा लहान झाला तो शार्लटच्या नातीच्या आवडीमुळं. व्हिक्टोरिया राणी १८८८ साली फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा लहान चणीचा एक पॉमेरेनियन घेऊन आली. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर साऱ्या इंग्लंडला लहान आवडायला लागला, आणि बघता बघता पैदास करणाऱ्यांनी जातच आटवत आणली. १८९१च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात राणीचे कुत्रे होते. १९०१च्या जानेवारीत ऑस्बोर्नच्या राजवाड्यात ती मरणशय्येवर असताना तिच्या पलंगावर होता तो टुरी, तोही पॉमेरेनियनच. हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवणाऱ्या बाईंनी आपल्याकडून पुष्कळ काही नेलं, त्यामानानं कुत्र्याचं हे माप त्यांनी तिकडंच ठेवून घेतलं आणि आपल्यापर्यंत जुना, भारदस्त नमुना राहिला, याचं मला समाधान आहे. लहानपणाचे फायदेही असतात म्हणा. १९१२ साली टायटॅनिकमधून जी तीन कुत्री जिवंत वाचली, त्यांतली दोन पॉमेरेनियन होती. मांडीवर मावणारा जीव लाइफबोटीत सहज लपतो. आपला पामेरियन त्या बोटीवर असता तर त्याला पांघरुणात गुंडाळणं कुणाला जमलं नसतं. पण मला वाटतं, ती वेळच आली नसती. त्यानं हिमनगावर तासभर आधीच भुंकायला सुरुवात केली असती.

आता उच्चार सुधारायचाच तर कुठपर्यंत सुधारायचा, हाही प्रश्न आहे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा मुलूख. आज त्याचा बराचसा भाग पोलंडमध्ये आणि थोडा जर्मनीत आहे. पोलिश लोक त्याला पोमोझे म्हणतात, जर्मन लोक पोमर्न म्हणतात आणि पॉमेरेनिया हे त्याचं लॅटिन वळणाचं रूप इंग्रजांनी उचललं. म्हणजे भाचा ज्याला शुद्ध म्हणत होता, तेही वाटेत सांडत-लवंडतच आलेलं. मूळ स्लाव्ह शब्दाचा अर्थ 'समुद्राच्या कडेचा'. आपल्या हिशेबानं पॉमेरेनियन म्हणजे कोकणी. दारात आलेल्या माणसाशी आधी कडाकडा भांडायचं आणि मग त्याच्याच पायाशी बसून राहायचं हा स्वभाव लक्षात घेतला तर मला ही जोडी अगदीच जुळवून आणल्यासारखी वाटत नाही. कोकणातल्या वाचकांनी रागावू नये. रागावलेच तर माझा मुद्दा सिद्ध होईल.

जर्मन माणूस तर या कुत्र्याला पॉमेरेनियन म्हणायच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो म्हणतो त्स्वेर्गश्पित्स. बुटका स्पिट्झ. आणि स्पिट्झचा उच्चारही खरा श्पित्स असा आहे, हे ऐकून उच्चार सुधारणाऱ्यांनी नवी वही काढली असेल.

कुत्र्यांच्या नावांत हे नेहमीचंच आहे. लांबुडक्या अंगाच्या, आखूड पायांच्या डाक्सहुंडला आपल्याकडं डॅशहंड, डॅशहाउंड, डाशुंड काहीही म्हणतात, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दुरुस्त करतो. बॅजर नावाच्या प्राण्याला बिळातून हुसकणारा म्हणून जर्मनांनी हे नाव ठेवलं, पण रोजच्या बोलण्यात तेच त्याला डाकल म्हणतात, शिकारी टेकल म्हणतात, आणि शुद्ध उच्चाराची काळजी जगावर सोडून देतात. 'हॉट डॉग' हा शब्दच त्यातून जन्मला अशी एक झकास गोष्ट सांगतात: न्यूयॉर्कच्या एका व्यंगचित्रकाराला चित्राखाली डाक्सहुंड लिहायचं होतं, स्पेलिंग येईना, म्हणून त्यानं हॉट डॉग लिहून वेळ मारून नेली. गोष्ट खोटी आहे. असं चित्र शोधणाऱ्यांना कधी सापडलेलं नाही. पण ती इतकी टिकली, कारण हे स्पेलिंग कुणालाच येत नाही.

अल्सेशियनचं तर विचारूच नका. मुळात तो जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धात जर्मन या शब्दाचाच इंग्रजांना तिटकारा आला, म्हणून त्यांनी फ्रान्सच्या सीमेवरच्या आल्सास प्रांताचं नाव कुत्र्याला चिकटवलं. युद्ध संपलं, दुसरंही संपलं, तरी ब्रिटिश केनेल क्लबनं जुनं नाव परत आणलं ते १९७७ साली. आमच्याकडं मात्र बंगल्याच्या फाटकावर अजून अल्शेशनच राखण करतो. ज्यांचा राग होता ते विसरले, आम्ही तो इमानानं सांभाळून ठेवलाय.

आणि इंग्रजांच्या बाबतीत आपण एवढं संकोचायचं काही कारण नाही. आपल्या मुंगसाचं त्यांनी काय केलं ते बघा. हा शब्द त्यांनी आपल्याकडून, म्हणजे मराठीतूनच उचलला. सापाशी झुंजणारा एवढासा प्राणी पाहून नाव विचारलं असणार, कुणीतरी 'मुंगूस' सांगितलं असणार, आणि साहेबानं ते लिहून घेतलं. त्यांच्या भाषेत गूस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ. झालं. मुंगसाच्या शेपटाला त्यांनी तो पक्षी बांधून टाकला, स्पेलिंगसकट. गूसचं अनेकवचन गीस. मग मुंगूस एकापेक्षा जास्त झाली की मंगूसेस म्हणायचं की मंगीस, यावर त्यांची मुलं शाळेत अजून गोंधळतात. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४च्या 'जंगल बुक'मध्ये रिक्की-टिक्की-टावी नावाच्या मुंगसाला जगभर नेलं, तेही याच वाकड्या नावानं. आपल्याकडच्या एकाही मावशीनं लंडनला जाऊन "मंगूस नाही रे, मुंगूस" असं कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वांद्र्याचं बँड्रा आणि शीवचं सायन झालं तेव्हाही आपण कुणाची जीभ धरली नाही. उलट काही दिवसांनी आपणच सायनला जायला लागलो.

परक्या शब्दाला घरात घ्यायचं तर थोडी तोडमोड होणारच. इस्पितळ, बटाटा, पगार, तुरुंग या सगळ्यांचे पोर्तुगीज आईबाप आज आले तर त्यांना आपली मुलं ओळखू यायची नाहीत, आणि तरी इस्पितळात गेल्यावर आपण बरे होतो. पामेरियनला ही सवलत मिळत नाही ती एवढ्याचसाठी की त्याचा मूळ शब्द अजून शेजारच्या इंग्रजी पुस्तकात जिवंत आहे आणि पुस्तक वाचणारा भाचा सुट्टीला घरी येतो.

तेव्हा माझा निकाल असा की पॉमेरेनियन हा एक कुत्रा आहे आणि पामेरियन हा दुसरा. पहिला बाल्टिकच्या काठचा, व्हिक्टोरिया राणीच्या मांडीवर लहान झालेला. दुसरा इथला, दहीभातावर वाढलेला. इंडियन स्पिट्झ हे त्याचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव. घरचं नाव पामेरियन, आणि माणसांप्रमाणंच कुत्र्यांनाही घरच्या नावानंच हाक मारलेली चांगली. एकाचा उच्चार दुसऱ्याला लावू नये.

पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर 'पामेरियन' म्हणालं तर ओठांवर आलेली दुरुस्ती गिळा आणि आधी कुत्रा उचलून पाहा. एका हातात सहज मावला तर खुशाल पॉमेरेनियन म्हणा. दोन हात लागले तर पामेरियन. आणि उचलूच देत नसेल, उलट चपलेचा पट्टा धरून गुरगुरत असेल, तर तो पामेरियनच. मग वजन करायची गरज नाही.